घरच्या रुग्णसेवेचा दर्जा मोजायचा, तर नेमकं काय मोजायचं?

‘प्रशिक्षित स्टाफ, चोवीस तास सेवा’ हे प्रत्येक नर्सिंग ब्युरोच्या जाहिरातीत असतंच. स्टाफ किती, प्रशिक्षण किती तासांचं, हे मोजणं सोपं, म्हणून तेच आधी मोजलं जातं. आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली दर्जा पाहण्याच्या तीन बाजू मांडल्या: रचना (माणसं, साधनं), प्रक्रिया (प्रत्यक्ष काय केलं) आणि परिणाम (रुग्णाचं काय झालं). स्टाफ, प्रशिक्षण हे सगळं रचनेत मोडतं. आजींना बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी दाबाची जखम, झाला की नाही, ते त्यातून कळत नाही.

तेव्हा बेडसोरच घेऊ. ‘या महिन्यात ३ नव्या जखमा’ हा आकडा एकटा बिनकामाचा. समजा, स्वतःहून कूस बदलू न शकणारे ४० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला ३० दिवस सेवा दिली. म्हणजे १२०० सेवादिवस, आणि दर हजार सेवादिवसांमागे २.५ जखमा. भाजकात चालते-फिरते रुग्ण घुसवले की आकडा फुकटात गोंडस होतो, म्हणून ते बाहेरच ठेवायचे. एवढ्या रुग्णसंख्येत एकच जखम दर ०.८ने हलवते, त्यामुळे एका महिन्यावर निष्कर्ष काढू नये, तीन महिने एकत्र बघावेत.

खरी गोची पुढे आहे. जखम घरी झाली की हॉस्पिटलातून आली? ड्युटी सुरू झाल्यापासून २४ तासांत माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू तपासून नोंद केली नसेल, तर नुसता वाद उरतो. बेडसोरच्या पहिल्या पायरीवर कातडी फाटलेली नसते, दाबल्यावर न जाणारा लालसरपणा तेवढा असतो. सावळ्या कातडीवर तोही नीट दिसत नाही. म्हणून हात लावून बघायचं: शेजारच्या कातडीपेक्षा जागा गरम, टणक किंवा दुखरी लागते का. स्टाफला हे शिकवलं की सुरुवातीला जखमांचा आकडा वाढतो. सेवा बिघडलेली नसते, नजर सुधारलेली असते. मालकाला हे आधीच सांगून ठेवा.

प्रक्रियेसाठी बहुतेक जण कूस बदलल्याचा तक्ता मोजतात. रात्री १०, १२, २, ४ अशा काटेकोर वेळा, एकाच पेनाने, एकाच दमात भरलेल्या! असा तक्ता १०० टक्के भरतो आणि काहीच सांगत नाही. त्याऐवजी न कळवता भेट द्या. शेवटची नोंद ‘डावी कूस’ असेल आणि रुग्ण उताणा असेल, तर ती भेट ‘जुळत नाही’ म्हणून लिहा. जुळलेल्या भेटी भागिले एकूण भेटी, हा आकडा विश्वासाचा.

ठरलेल्या पाळ्यांपैकी किती पाळ्यांना माणूसच आलं नाही आणि ३० दिवसांत घरात किती वेगवेगळे चेहरे आले, हे दोन निर्देशक हजेरीवरूनच निघतात. वेगळा फॉर्म नको.

घरच्यांचं समाधान विचारताना जरा जपून. ‘सेवा कशी आहे?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर येतं, कारण मावशी सोडून गेल्या तर उद्या काय, ही धास्ती असते. फोन सुपरवायझरने करू नये, दुसऱ्या कुणीतरी करावा आणि ठराविक घटनेबद्दल विचारावं: गेल्या आठवड्यात एखादी गोळी चुकली का? बदली माणसाला तुम्हालाच सगळं समजवावं लागलं का?

आणि पडण्याच्या घटनांना पगारकपात जोडू नका. रुग्ण पडायचे थांबत नाहीत, रजिस्टरमध्ये पडायचे थांबतात.