ऑक्टोबर हा सप्लिमेंटचा महिना नव्हे

दसरा-दिवाळीचे दिवस आले की न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून मला दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो: “टीव्हीवर मेडिकेअरच्या जाहिराती सुरू झाल्यात, तर आमच्या सप्लिमेंटची दुसऱ्या कंपन्यांशी तुलना आत्ताच करून घ्यायची का?” मेडिकेअर म्हणजे अमेरिकेत मुख्यतः 65 वर्षांपुढच्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, आणि सप्लिमेंट म्हणजे त्याला जोडून खाजगी कंपनीकडून घेतलेला पूरक विमा. मी विमा विकत नाही. मी पंचवीस वर्षे हिशेब खात्यात नोकरी केली, आणि 2021 मध्ये माझे स्वतःचे मेडिकेअर सुरू होताना जी कागदपत्रे वाचावी लागली ती पुढे इतरांनाही वाचून दाखवत गेले, एवढाच माझा या विषयाशी संबंध. तुम्ही विचारलेत म्हणून या वेळी उत्तर सविस्तर लिहिते, कारण फोनवर ते नेहमी अर्धवट राहते.

ज्या जाहिराती तुम्ही पाहता त्या 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या मुदतीच्या असतात. ही मुदत मेडिकेअर ॲडव्हांटेज योजना, म्हणजे मूळ सरकारी मेडिकेअरऐवजी खाजगी कंपन्यांमार्फत घ्यायच्या योजना, आणि औषधांचा विमा, म्हणजे पार्ट डी, यांच्यासाठी आहे. या दिवसांत त्या योजना घेता येतात, सोडता येतात, बदलता येतात. सप्लिमेंटचा, म्हणजे ज्याला मेडिगॅप म्हणतात त्या पूरक विम्याचा, या मुदतीशी काहीही संबंध नाही. सप्लिमेंटची वेळ प्रत्येक माणसाची वेगळी असते आणि बहुतेकांच्या आयुष्यात ती एकदाच येते: वयाची 65 वर्षे पूर्ण झालेली असताना तुमचा पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टर आणि तपासण्यांचा भाग, ज्या महिन्यात सुरू होतो, त्या महिन्यापासूनचे सहा महिने. खरी तुलना या सहा महिन्यांत, आणि शक्यतो ते सुरू होण्याच्या आधीच, करायची असते.

एवढी घाई कशासाठी, हे कळण्यासाठी मूळ मेडिकेअर काय देत नाही ते पाहावे लागते. रुग्णालयात दाखल झाल्यावर पार्ट ए चे, म्हणजे रुग्णालयाच्या भागाचे, डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम) स्वतः भरावे लागते आणि 2026 साली ते 1,736 डॉलर आहे. ते वर्षातून एकदाच भरावे लागते असेही नाही, कारण मध्ये 60 दिवस गेल्यावर पुन्हा दाखल व्हावे लागले तर ते पुन्हा भरावे लागते. पार्ट बी मध्ये वर्षाचे 283 डॉलर (हाही 2026 चा आकडा) भरून झाल्यावर डॉक्टर, तपासण्या, केमोथेरपी अशा मान्य खर्चाचे वीस टक्के आपल्याकडे राहतात. त्या वीस टक्क्यांना वरची मर्यादा नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच गोष्टीची. मान्य खर्च पन्नास हजार डॉलर झाला तर आपला वाटा दहा हजार. निवृत्तीनंतर ठरावीक रकमेवर घर चालवणाऱ्या माणसाने हा वाटा उघडा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुमचे मेडिकेअरचे कार्ड हातात घ्या. लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगाचे ते कागदी कार्ड आपण पाकिटात घालतो आणि त्यावरचा क्रमांक सोडून दुसरे काही वाचत नाही. खालच्या बाजूला दोन ओळी आहेत, एक पार्ट ए ची आणि एक पार्ट बी ची, आणि प्रत्येकीपुढे तो भाग सुरू झाल्याची तारीख आहे. दुसऱ्या ओळीतली तारीख तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. माझ्या कार्डावर तिथे 1 जून 2021 आहे, म्हणून माझे सहा महिने 30 नोव्हेंबर 2021 ला संपले. कार्ड पोस्टाने आले त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर नोव्हेंबरच्या शेवटच्या चौकोनाभोवती पेनाने वर्तुळ काढले होते, आणि अर्ज मात्र मे महिन्यातच पाठवून दिला होता.

या सहा महिन्यांत विमा कंपनी तुमच्या प्रकृतीवरून तुम्हाला नकार देऊ शकत नाही आणि मधुमेह आहे, स्टेंट घातला आहे, कर्करोग होऊन गेला आहे म्हणून जास्त प्रीमियमही लावू शकत नाही. ते संपले की बहुतेक राज्यांत कंपनीला प्रकृतीबद्दल प्रश्न विचारण्याचा आणि उत्तरे वाचून नकार देण्याचा पूर्ण अधिकार मिळतो.

माझे मोठे दीर दुसऱ्या राज्यात राहतात. 65 व्या वर्षी ते रोज चार मैल चालत, एकही गोळी घेत नसत, आणि शून्य प्रीमियमची ॲडव्हांटेज योजना त्यांना पुरेशी वाटली. ती निवड त्या वेळी चुकीची नव्हती. अशा योजनांत वर्षभराच्या खर्चावर मर्यादा असते आणि अनेकांचे त्यात चांगले चालते. सत्तराव्या वर्षी त्यांची बायपास झाली. त्यानंतर ज्या रुग्णालयात पुढचे उपचार घ्यायचे होते ते त्यांच्या योजनेच्या जाळ्यात, म्हणजे योजनेशी करार असलेल्या रुग्णालयांत, नव्हते. त्यांनी ऑक्टोबरची वाट पाहिली, मूळ मेडिकेअरकडे परतायचे ठरवले आणि सोबत सप्लिमेंटचा अर्ज केला. मूळ मेडिकेअरचे दार उघडे होते. सप्लिमेंटच्या कंपनीकडून मात्र एका पानाचे पत्र आले. त्यात बायपासचा महिना आणि वर्ष लिहून अर्ज नामंजूर केल्याचे कळवले होते. वहिनींनी ते पत्र मला फोनवर वाचून दाखवले आणि विचारले, “आता पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा करू या का?” पुढच्या ऑक्टोबरलाही तेच प्रश्न विचारले जातील, हे त्यांना सांगताना मला फार जड गेले. 65 व्या वर्षी पहिल्यांदाच ॲडव्हांटेज घेतलेल्या माणसाला पहिल्या बारा महिन्यांत मूळ मेडिकेअरकडे परतून कोणत्याही प्रश्नांशिवाय सप्लिमेंट घेण्याचा हक्क असतो, हे आम्हा कोणालाच तेव्हा ठाऊक नव्हते. तुम्ही ॲडव्हांटेज घेऊन वर्ष पूर्ण व्हायचे असेल तर तुमच्यासाठी तुलनेची वेळ आजच आहे.

नोकरी 65 नंतरही चालू ठेवणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. तुमच्या, किंवा जोडीदाराच्या, कंपनीत वीस किंवा जास्त कर्मचारी असतील आणि तिथला विमा चालू असेल, तर पार्ट बी दंडाशिवाय पुढे ढकलता येतो. पुष्कळ जण “घेऊन ठेवलेला बरा” म्हणून 65 लाच पार्ट बी घेतात. त्यातून दरमहा प्रीमियम जातो तो जातोच, शिवाय सप्लिमेंटचे सहा महिनेही त्याच दिवसापासून मोजले जाऊ लागतात आणि नोकरीत असतानाच संपून जातात. याच्या उलट चूक कोब्रा या कायद्याच्या बाबतीत होते. नोकरी सुटल्यावर कोब्राखाली जुना विमा पुढे चालवता येतो, पण मेडिकेअरच्या दृष्टीने तो चालू नोकरीचा विमा नव्हे. नोकरी संपल्यापासून आठ महिन्यांत पार्ट बी घेतला नाही, तर उशिराच्या दर पूर्ण बारा महिन्यांमागे दहा टक्के दंड बहुतेकांना आयुष्यभर भरावा लागतो. म्हणून राजीनाम्याची तारीख ठरवताना पार्ट बी ची तारीख ठरवा, आणि तिच्या तीन महिने आधी सप्लिमेंटचे दर मागवायला लागा.

तुलना कशाची करायची, हे त्या मानाने सोपे आहे. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन ही तीन राज्ये सोडली तर सप्लिमेंटच्या योजना इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जातात, आणि एका कंपनीचा प्लॅन जी मूळ लाभांच्या बाबतीत दुसऱ्या कंपनीच्या प्लॅन जी सारखाच असतो. 1 जानेवारी 2020 पासून नव्याने पात्र होणाऱ्यांना सी आणि एफ मिळत नाहीत, म्हणून माझ्या ओळखीचे बहुतेक लोक जी आणि एन यांतून निवडतात. जी मध्ये पार्ट बी चे डिडक्टिबल तेवढे आपण भरतो. एन मध्ये त्याशिवाय डॉक्टरच्या भेटीला वीस डॉलरपर्यंत आणि दाखल न होता परत आलो तर इमर्जन्सीच्या भेटीला पन्नास डॉलरपर्यंत द्यावे लागतात. एका अक्षराचे लाभ सगळ्या कंपन्यांत सारखेच असल्याने उरतो प्रश्न पैशाचा, आणि तिथे आजच्या प्रीमियमइतकेच तो पुढे कसा वाढणार हे विचारावे. काही कंपन्या सर्वांना एकच दर लावतात, काही तुम्ही विमा घेतला त्या वयाचा दर लावतात, आणि काहींचा दर तुमच्या वाढत्या वयाबरोबर वाढत जातो. शेवटच्या प्रकारात पहिल्या वर्षीचा आकडा सर्वांत आकर्षक दिसतो. मी प्रत्येक एजंटाला गेल्या पाच वर्षांतली वाढ लिहून मागितली होती, आणि ज्याने ती दिली नाही त्याचा कागद बाजूला ठेवला.

आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी, ती म्हणजे भारतातला मुक्काम. मूळ मेडिकेअर पुण्यात किंवा मडगावात उपचारांचा खर्च देत नाही. जी आणि एन या दोन्ही योजनांत परदेशातल्या तातडीच्या उपचारांसाठी तरतूद आहे. अडीचशे डॉलर आपण भरल्यावर पुढच्या पात्र खर्चाचे ऐंशी टक्के त्या देतात आणि त्यासाठी आयुष्यभराची मर्यादा पन्नास हजार डॉलर आहे. पण ही तरतूद प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत उद्भवलेल्या तातडीलाच लागू होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाऊन फेब्रुवारीअखेर परतणाऱ्यांचे साठ दिवस जानेवारीत संपतात, म्हणजे पुढच्या मुक्कामासाठी प्रवासविमा वेगळा घ्यावाच लागतो. आम्ही दोघे तो दरवर्षी घेतो.

मुलांनी ग्रीन कार्डावर आणलेल्या आईवडिलांबद्दलही पुष्कळ जण विचारतात. 65 वर्षांपुढच्या ज्या व्यक्तीने इथे कायदेशीर स्थायी रहिवासी म्हणून सलग पाच वर्षे काढली आहेत, तिला मेडिकेअर घेता येते. स्वतःची किंवा जोडीदाराची दहा वर्षांची नोकरी नसेल तर पार्ट ए साठीही प्रीमियम पडतो, आणि तो 2026 साली महिन्याला 565 डॉलरपर्यंत आहे. सप्लिमेंटला पार्ट ए आणि पार्ट बी दोन्ही लागतात. या आईवडिलांचे सहा महिनेही पार्ट बी सुरू झाल्यापासून मोजले जातात, मग त्यांचे वय 72 का असेना. बाबांचा रक्तदाब आणि आईचे गुडघे त्या काळात कोणी विचारणार नाही. तेव्हा पाचवे वर्ष पूर्ण होण्याआधीच मुलांनी दर काढून ठेवावेत.

मुदत उलटून गेलेल्यांनाही काही ठिकाणी वाट आहे. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये वर्षभर प्रकृतीच्या प्रश्नांशिवाय सप्लिमेंट मिळते. ज्यांच्याकडे आधीपासून सप्लिमेंट आहे त्यांना कॅलिफोर्नियात वाढदिवसापासून साठ दिवस आणि ओरेगॉनमध्ये तीस दिवस तेवढ्याच किंवा कमी लाभांच्या दुसऱ्या योजनेत जाता येते. त्या राज्यांत तुलनेचा महिना वाढदिवसाचा. मेडिकेअरनंतर पैसे देणारा जुन्या कंपनीचा निवृत्तांसाठीचा विमा बंद झाला किंवा तुमची ॲडव्हांटेज योजना तुमच्या भागातून निघून गेली, तर विमा संपल्यापासून 63 दिवस हक्काचे असतात. प्रकृती उत्तम असेल तर प्रीमियमवाढीचे पत्र आल्यावर कोणत्याही महिन्यात दुसरीकडे अर्ज करून पाहायला हरकत नाही. फक्त नवी पॉलिसी मंजूर होऊन हातात येईपर्यंत जुनी रद्द करू नका. नवी पॉलिसी पारखायला तीस दिवस मिळतात, आणि त्या महिन्याचा दुहेरी प्रीमियम भरणे परवडते.

म्हणून या ऑक्टोबरला पार्ट डी जरूर तपासा, कारण औषधांच्या याद्या दरवर्षी बदलतात. सप्लिमेंटसाठी मात्र कार्डावरची दुसरी तारीख वाचून मला फोन करा, किंवा त्याहून बरे म्हणजे राज्याच्या शिप या मोफत सल्लाकेंद्रात वेळ घ्या. तिथले सल्लागार काही विकत नाहीत. पुढच्या एप्रिलमध्ये 65 पूर्ण होणाऱ्या आमच्या एका शेजारणीला मी सांगितले आहे की जानेवारीत संक्रांतीचे तिळगूळ द्यायला याल तेव्हा आलेली सगळी पाकिटे, फोडलेली आणि न फोडलेली, पिशवीत घालून घेऊन या.