पारोळा ते गड, पायी

आमच्या खानदेशात नुसतं ‘गड’ म्हटलं तरी पुरतं. वणीचा, सप्तशृंगीचा. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा तिथे यात्रा असते आणि इकडचे रस्ते भगव्या झेंड्यांनी भरून जातात. यंदा आबांच्या मागे मीही पारोळ्याहून निघालो.

ही वारी रात्रीची. चैत्रात पारा चाळिशीपार, तेव्हा तीनला उठायचं, नऊपर्यंत जमेल तेवढं तोडायचं, मग देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात आडवं व्हायचं. उन्हं उतरली की पुन्हा डांबर. मुकटी, फागणे, धुळे. पुढे आग्रा रोडला कंटेनर असे जवळून जातात की झेंड्याची काठी हातात फिरते. त्यात कुणाच्या तरी टेम्पोवरचा डीजे. गाणी देवीचीच, पण रात्री दोनला गाव उठवून कसली भक्ती, हे मला अजून कळलेलं नाही.

माझी चूक बुटांची. नवे कोरे घालून निघालो आणि धुळ्यातच दोन्ही टाचांना फोड. आबांनी टोपीतून सुई काढली. फोडातून दोरा आरपार ओवला आणि तो तसाच आत ठेवला. पाणी झिरपून जातं, कातडी निघत नाही. बूट टेम्पोत गेले ते गेलेच, पुढचं सगळं रबरी चपलेवर.

आर्वीच्या अलीकडे एक म्हातारी माठातलं ताक वाटत होती. मी लंगडताना दिसलो तशी म्हणाली, “बठ रे भो, पाय दुखतस ना!” शेजारी पाटीत कळण्याची भाकर, वर ठेचा. पैसे काढले तर रागावली. असं झोडग्याला झालं, मालेगावच्या वेशीवरही झालं. शिदोरीची पिशवी मी उगाच वाहिली.

सौंदाण्याला हायवे सुटतो आणि देवळ्याची वाट लागते, तिथून जिवात जीव येतो. दोन्ही बाजूंना उन्हाळ कांद्याची काढणी चाललेली, वारा सगळा कांद्याचा. कळवण मागे पडलं की डोंगर दिसायला लागतो. नांदुरीहून घाट चढायचा. पौर्णिमेच्या आदल्या रात्री शिखरावर ध्वज लागतो, तो लावायचा मान दरेगावच्या गवळी-पाटलांचा. आम्ही त्याच्या दोन दिवस आधी पोचलो, त्यामुळे तो बघायचा राहिला.

गडावर आलो तेव्हा मंदिराच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या शिल्लक होत्या. एवढ्या वाटेत एकदाही टेम्पोत न बसलेले आबा सरळ फ्युनिक्युलर ट्रॉलीच्या तिकिटाला उभे राहिले. म्हणाले, “नवस गडापर्यंत चालण्याचा होता. पायऱ्यांचं काही बोललो नव्हतो.” मी हट्टाने पायऱ्या धरल्या. घामाघूम वर पोचलो, तर आबा बारीत उभे राहून माझी जागा धरल्याबद्दल मागच्यांशी भांडत होते.