मुक्काम-जेवणाच्या बदल्यात काम: तास आधी ठरवा

गॅप इयरमध्ये, म्हणजे शिक्षण किंवा नोकरीतून घेतलेल्या मोकळ्या वर्षात, पाठीवर सॅक टाकून परदेशात फिरताना पैसा संपतो तो झोपण्यावर आणि खाण्यावर. हे दोन्ही खर्च कामाने भागवता येतात. दिवसाचे चार-पाच तास यजमानाकडे काम करायचं, बदल्यात पलंग आणि जेवण. शेतं, हॉस्टेलं (प्रवाशांची स्वस्त, सामायिक खोल्यांची निवासं) आणि घरं अशा तिन्ही ठिकाणी या पद्धतीने राहून माझं एक मत पक्कं झालं आहे: इथे पैशांची देवघेव नसते, त्यामुळे तास हेच चलन. पोहोचण्याआधी ते ठरले नसतील, तर पुढची जवळपास प्रत्येक कुरबूर तिथूनच सुरू होते.

पण तासांच्याही आधी व्हिसा. पैसे घेत नाही म्हणजे ते काम नव्हे, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. न्यूझीलंडमध्ये राहणं-जेवण हा कामाचा मोबदलाच धरतात, म्हणून शेतावर अशा बोलीवर राहायचं तर काम करू देणारा व्हिसा लागतो. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर हे चालत नाही. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून गेल्यास स्वयंसेवा करता येते, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी आणि एकूण ३० दिवसांपर्यंतच. कोणाच्या खासगी शेतावर किंवा हॉस्टेलात नाही. युरोपातल्या शेंगेन देशांत (आपापसांत सीमातपासणी नसलेल्या गटात) मिळून १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, त्यात येण्याचा आणि जाण्याचा दिवसही मोजतात. शिवाय राहायची परवानगी म्हणजे काम करायची परवानगी नव्हे, ती प्रत्येक देशाच्या नियमांत वेगळी शोधावी लागते. ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडे व्हिसाचं (फिरता फिरता काम करू देणारा व्हिसा) दुसरं वर्ष मिळवायला शेतावरचं काम दाखवता येतं, पण डिसेंबर २०१५ पासून ते पगारी असावं लागतं. बिनपगारी दिवस त्यात धरत नाहीत. हे ठाऊक नसेल तर आठवड्यांमागून आठवडे राबून शेवटी हाती काहीच लागत नाही.

देशादेशांतल्या करारांमुळे साधारण १८ ते ३० वयाच्या लोकांना वर्किंग हॉलिडे व्हिसा मिळतो. पासपोर्ट कोणता आहे त्यावर ते अवलंबून. आपल्या पासपोर्टला तो मिळत असेल, तर तोच सरळ रस्ता. मिळत नसेल तर त्या देशात काम न करता फिरावं आणि जिथे नियमात बसतं तिथे काम करावं. विमानतळावर ‘फक्त फिरायला आले’ म्हणायचं आणि फोनमध्ये यजमानाशी कामाच्या वेळा ठरवल्याचे निरोप ठेवायचे, हे कोणी सुचवलं तरी करू नका. प्रवेश नाकारला की त्याची नोंद राहते आणि पुढच्या व्हिसा अर्जांमध्ये ती सांगावी लागते.

यजमान शोधायला साखळ्या आहेत, म्हणजे यजमान आणि कामाला येणारे यांची गाठ घालून देणाऱ्या संस्था आणि वेबसाइट. वूफ त्यातली जुनी. लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या सू कॉपर्ड यांनी १९७१ मध्ये ती सुरू केली, शहरी माणसांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर हात लावायला मिळावा म्हणून. आता वूफच्या देशोदेशी वेगळ्या संघटना आहेत आणि सभासदत्वही बहुतेक देशवार घ्यावं लागतं. वर्कअवेवर एका वर्गणीत जगभरचे यजमान दिसतात, शेतांपासून घरांपर्यंत सगळे. वर्ल्डपॅकर्सवर हॉस्टेलं भरपूर. वर्गणी भरण्याआधी यादी चाळता येते. आपल्याला हव्या त्या भागात, हव्या त्या महिन्यात जागा आहे का, हे बघूनच पैसे भरावेत.

आता तास. वर्कअवेचा दंडक दिवसाला पाच तास, आठवड्याला पाच दिवस असा आहे. म्हणजे २५ तास. वूफमध्ये दिवसाला चार ते सहा तास धरतात. मी प्रत्येक ठिकाणी एक भागाकार करते. त्याच गावात डॉर्ममधला (हॉस्टेलच्या सामायिक खोलीतला) पलंग आठवड्याला कितीला पडतो आणि स्वतः रांधून खाल्लं तर किती खर्च येतो, त्यांची बेरीज करून तिला २५ ने भागायचं. येणारा आकडा म्हणजे आपल्या एका तासाची किंमत. ती तिथल्या किमान वेतनाच्या निम्म्याच्याही खाली आली, तर त्या यजमानाकडे शिकण्यासारखं खरोखर काही असेल तरच जावं. नुसत्या हॉस्टेलच्या साफसफाईसाठी जाऊ नये, कारण तेच काम तिथे कोणीतरी पगारावर करत असतं आणि आपण फुकट केलं की त्याची नोकरी जाते.

तासांची बेरीज सारखी असली तरी दोन वेळापत्रकं सारखी नसतात. सकाळी आठ ते एक असे सलग पाच तास असतील, तर दुपारनंतरचा दिवस आपला. सकाळी सहाला कोंबड्या सोडायच्या, दहा ते बारा बागेत, संध्याकाळी सातला जनावरांना चारापाणी आणि मग कोंबड्या कोंडायच्या, हेही कागदावर पाचच तास. पण यात कुठे जाता येत नाही. जनावरांच्या जागी सुट्टीच्या दिवशीही चारा-पाणी आलंच. ते त्या दिवशी कोण करणार हे विचारलंच पाहिजे. हॉस्टेलात रात्रपाळीची हीच गत. रिसेप्शनवर रात्री अकरा ते सात ‘नुसतं बसायचं’ असलं तरी ते आठ तासच. स्वयंपाक आणि जेवणानंतरची भांडी तासांत धरतात का, हाही प्रश्न विचारा. चारजणांचा स्वयंपाक आणि आवराआवर मिळून सहज दीड तास जातो.

यजमानाला पहिला निरोप पाठवताना सगळ्यांना एकच मजकूर चिकटवला की उत्तरं येत नाहीत. त्यांना रोज असे कित्येक निरोप येतात. काही यजमान माहितीच्या तळाशी एखादा शब्द लिहून ठेवतात आणि तो निरोपात लिहायला सांगतात, कोणी शेवटपर्यंत वाचलं ते कळावं म्हणून. माझा निरोप साधारण असा असतो:

‘नमस्कार. ३ ते २४ मे असे तीन आठवडे मी येऊ शकते. तुम्ही वाफे तयार करण्याबद्दल लिहिलं आहे. कुदळ-फावड्याचं काम मला येतं, ट्रॅक्टर चालवता येत नाही. मांसाहार करत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. व्हिसा काम करू देणारा आहे. या आठवड्यात वीस मिनिटं व्हिडिओवर बोलता येईल का?’

तारखा, येतं ते, येत नाही ते, खाणं, व्हिसा, एक विनंती. एवढं पुरे. येत नाही ते लिहिल्याने कामं हातची जात नाहीत, उलट भलत्या कामाला कोणी जुंपत नाही. हंगामाच्या चार ते सहा आठवडे आधी आठ-दहा ठिकाणी विचारावं.

अभिप्राय वाचताना ‘छान माणसं, सुंदर जागा’ यावर जाऊ नका. शेवटचे पाच-सहा घ्या आणि त्यांत तासांचा उल्लेख शोधा. कोणीच तास लिहिले नसतील तर व्हिडिओवर तो पहिला प्रश्न. ठरल्यापेक्षा लवकर निघालेले एकापेक्षा जास्त असतील तर त्यातल्या एकाला थेट निरोप पाठवून विचारते. सहसा मोकळेपणाने सांगतात. एकट्या मुलीने जाताना आधी राहून गेलेल्या मुलींचेच अभिप्राय वेगळे काढून वाचावेत, आणि खोलीला आतून कडी आहे का हे न संकोचता विचारावं.

व्हिडिओवर बोलून झालं की ठरलेलं सगळं मी त्याच साखळीच्या निरोपांमध्ये लिहून पाठवते: दिवसाचे तास, सुरू व्हायची वेळ, सुट्टीचे दोन दिवस सलग की सुटे, सुट्टीच्या दिवशी जेवण मिळणार की नाही, खोली एकटीची की किती जणांत, जवळचा बसथांबा किती लांब. खाली एक ओळ: ‘यात काही चुकलं असल्यास कळवा.’ पुढे मतभेद झाला तर दाखवायला हेच असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन आठवड्यांपेक्षा जास्त कबूल करू नये. जमलं तर वाढवता येतं, आणि यजमानालाही ते बरं पडतं.

प्रवास विमा घेताना शारीरिक श्रमाचं काम त्यात धरलं आहे का ते बघा. साध्या पॉलिसीत बहुधा नसतं. यंत्रं, शिडीवर चढून काम आणि चेनसॉ (यांत्रिक करवत) तर हमखास वगळलेले असतात. जास्तीचं कलम घेता येतं. धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आत झालेली हवी, कारण तारा, खिळे आणि शेणमाती रोज हाताखालून जाते. सामानात हाताच्या मापाचे कामाचे हातमोजे दोन जोड, पायात मुरलेले बंद बूट, कामाचे कपडे दोन जोड, हेडलॅम्प, इयरप्लग, छोटं कुलूप. यजमानाकडचे हातमोजे मोठे असतात, आणि मोठ्या हातमोज्यात पहिल्याच दिवशी फोड येतात. न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियात जाताना बुटांच्या तळव्यातली माती जुन्या टूथब्रशने कोरून काढा, धुवा, वाळवा, आणि शेतावर वापरलेत हे प्रवेशाच्या फॉर्मवर लिहा.

शेतावर पहिलं काम बहुधा तण काढायचं मिळतं. सोपं वाटतं, पण नवख्याच्या हातून सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. गाजराची कोवळी रोपं दोऱ्यासारखी बारीक असतात आणि तणाबरोबर सहज उपटली जातात. म्हणून यजमानाला आपल्यासमोर एक मीटर वाफा स्वतः खुरपून दाखवायला सांगा, आणि काढलेलं एक-एक तण ओळीने जमिनीवर मांडून ठेवा. पुढचा तासभर तोच नमुना. हाताने उपटायचं तर माती ओलसर हवी, तेव्हाच सोटमूळ सबंध निघतं. कोरड्या मातीत ते मध्येच तुटतं आणि राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटतं. वरवर खुरपायचं असेल तर उलट: कोरडा, उन्हाचा दिवस घ्यायचा, म्हणजे सुटलेलं तण जागीच वाळतं. हरळीसारखं जमिनीखाली धावणारं गवत कुदळीने तोडू नये. जितके तुकडे तितकी नवी रोपं. काटेदार फावड्याने माती सैल करून मुळी लांबीने ओढून काढायची आणि खताच्या ढिगात न टाकता वेगळी वाळवायची.

युरोपात उंच गवतात काम केलं की रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत आणि केसांच्या कडेला गोचीड चिकटली आहे का ते तपासा. दिसली तर टोकदार चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरून सरळ वर ओढायची. तेल लावणं, जाळणं, पिळणं यातलं काही करू नका. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरत गेलं किंवा ताप आला तर डॉक्टरकडे.

हॉस्टेलात न्हाणीघर साफ करताना क्रम सांभाळला की वेळ निम्मा होतो. आधी कोरड्यानेच केस आणि धूळ उचलायची. पाणी पडल्यावर केस फरशीला चिकटून बसतात. मग शॉवरच्या काचेवर आणि नळांवर क्षार काढायचं द्रावण फवारून पाच-दहा मिनिटं सोडायचं, तोवर आरसा आणि बेसिन. शेवटी कमोड आणि सगळ्यात शेवटी दाराकडे मागे सरकत फरशी. क्षार काढायच्या द्रावणात आम्ल असतं. ते आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, एकाच कमोडमध्ये एकामागून एकही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. हे कोणी शिकवेल म्हणून थांबू नका, बाटलीवरची सूचना स्वतः वाचा.

चादरी बदलताना गादीच्या शिवणी उलगडून बघायची सवय लावा. शाईचा ठिपका पडल्यासारखे काळे डाग एका ओळीत दिसले की ढेकूण आहेत. त्या पलंगावरच्या चादरी झटकायच्या नाहीत, तिथेच पिशवीत बांधून ६० अंशांवर धुवायच्या आणि ड्रायरमध्ये गरम वाळवायच्या. आपल्या पलंगाचीही अशीच तपासणी पहिल्या रात्री, सॅक गादीवर ठेवण्याआधी.

रोजचे तास मी वहीत लिहिते: सुरुवात, शेवट, काय केलं. तीन दिवस लागोपाठ ठरल्यापेक्षा जास्त झाले की चौथ्या दिवशी सकाळी वही समोर ठेवून बोलायचं, चिडण्याआधी. बहुतेक यजमानांनी मोजलेलंच नसतं आणि ते लगेच सुट्टी बदलून देतात. बोलूनही तसंच चालू राहिलं तर दोन दिवसांची आगाऊ कल्पना देऊन निघावं. पासपोर्ट मागून ठेवून घेणं, दारू पिऊन अंगचटीला येणं, विम्यात नसलेल्या यंत्रावर उभं करणं, यांतलं एकही घडलं तर कल्पना द्यायची गरज नाही, त्याच दिवशी बाहेर पडा. त्यासाठी हॉस्टेलचं आठवड्याचं भाडं आणि जवळच्या शहरापर्यंतच्या टॅक्सीचे पैसे वेगळे ठेवावेत आणि त्यांना दुसऱ्या कशासाठीही हात लावू नये. हे पैसे नसतील तर माणूस वाईट जागी अडकून राहतो, आणि अडकलेल्याला नाही म्हणता येत नाही.

निघाल्यावर अभिप्राय लिहायचा तो त्याच आठवड्यात. आठवड्याला प्रत्यक्ष किती तास भरले, सुट्टीच्या दिवशी जेवण होतं का, खोली कशी, बस किती लांब, इंटरनेट चालतं का. चांगल्या यजमानाबद्दलही हे आकडे लिहावेत.