व्हिज्युअल नॉव्हेल आणि आमचा ग्रुप

"अरे हा गेम आहे का पुस्तक? नुसतं क्लिक क्लिक करत वाचतच बसायचं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय ना की आता 'व्हिज्युअल नॉव्हेल' (म्हणजे चित्रं बघत, संवाद वाचत पुढे जायचा गोष्टीचा गेम) हा शब्दच तोंडातून काढत नाही.

आधी मी मोठी चूक केली, रूममेटला डायरेक्ट स्टाइन्स गेट हा असाच एक गेम लावून दिला. गेम भारीच आहे, पण सुरुवातीचे कित्येक तास नुसत्या गप्पा, भाऊ अर्ध्या तासात घोरायला लागला. चूक माझीच.

मग डोकं लावलं. त्याला क्राइमचं वेड, म्हणून एस अटर्नी लावलं, २००१ साली कॅपकॉम कंपनीने हातात धरायच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आणलेलं कोर्टाचं प्रकरण, आणि सांगितलं फक्त पहिली केस बघ, बाकी सोड. त्यात साक्षीदार ठणकावून सांगतो की मी १ वाजता बॉडी पाहिली, आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्टमध्ये मृत्यूची वेळ ४ नंतरची! मी काहीच बोललो नाही, गप चहा ठेवायला गेलो. दोन मिनिटांत आतून आवाज, "अबे हा खोटं बोलतोय!" आणि पुरावा दाखवून "ऑब्जेक्शन!" झालं की पठ्ठ्या उठून उभाच राहिला.

(चहा उतू गेला ते सोडा.)

एका मैत्रिणीला मात्र कोर्टबिर्ट बोअर होतं, तिला डोकी डोकी लिटरेचर क्लब दिलं, २०१७ चं, फुकट आहे. दिसायला गोड पण आतून हॉरर, सुरुवातीलाच तशी कंटेंट वॉर्निंग येते ती नीट वाच असं बजावलं होतं, तरी रात्री २ ला फोन. "हे काय दिलंयस मला??"

आता रूममेट दुसरी केस खेळतोय आणि लॅपटॉप काही परत देत नाहीये.