चिखलाचे पट्टे

आमच्या ओळखीतला एक चित्रकार गोव्यातल्या फोंड्याहून करमळीच्या तळ्यावर जातो, पण दुर्बीण नेत नाही. हिवाळ्यात तिथे पक्षी बघणाऱ्यांची वर्दळ असते. अडयांचा, म्हणजे रानबदकांचा, थवा उठला की सगळ्यांच्या माना वर. हा मात्र काठावरच्या चिखलात डोळे घालून बसलेला. पाणी उतरत जातं तसे तिथे पट्टे पडतात: ओला काळा, मग शेवाळी, सगळ्यांत वर भेगाळलेला राखाडी. मधेच तांबूस तवंग. तेल सांडलंय असंच वाटतं, पण ते मातीतलं लोह. काडीने ढवळा, तेल पुन्हा एक होतं, हा तवंग खपल्यांसारखा तुटतो.

त्याच्या कॅनव्हासवर ना अडई, ना कमळ. "यात तळं कुठंय रे?" असं कुणीतरी विचारतंच. मला विचाराल तर गोवा म्हणून माड, होडी आणि सूर्यास्त इतके विकून झालेत, की तळं न दिसणारं तळं बघून डोळे निवतात.

खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीत, तर पाणी आणि जमिनीमधली रेघ टिकतच नाही. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात, मधे मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणवाटेचं, लाकडी दार. भरतीच्या रेट्याने ते आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. कुडचड्याचं नंदा तळं 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं, गोव्यातलं पहिलं. कागदावर ते 42 हेक्टर. पण आधी पावसात जा, मग उन्हाळ्यात जा. तेच तळं म्हणून ओळख पटली तर सांगा.

म्हणून हा ब्रशने रेघ ओढत नाही. रोलरने रंग पसरतो, ओला असतानाच सुरीने खरवडतो. रोलर आणि सुरी चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचीही. घराणं गोव्याचं, जन्म 1924 चा, नागपूरचा. त्यांना या चिखलाशी जोडायचा मोह मला होतो खरा, पण ते आपल्या चित्रांना अमूर्त म्हणू द्यायलाही तयार नसत, तिथे खाजन कुठून खपवून घेतील!

आमच्या चित्रकाराच्या आईचं मत वेगळंच. "अरे बाबू, असला डाग साडीला लागला तर आम्ही घासघासून काढतो. तू पैसे मोजून भिंतीला लावतोस?"

रंगाच्या ट्यूबची किंमत त्याने घरात अजून सांगितलेली नाही.