अलिबागची चुंबकीय वेधशाळा आणि एका वादळाचा आलेख

किनारा, किल्ला, नागाव सगळं एका दिवसात उरकलं. शनिवारच्या गर्दीत त्यात फारसा जीव रमला नाही. अलिबागला यावं ते किनाऱ्याजवळच्या चुंबकीय वेधशाळेसाठी, हे माझं ठाम मत आहे.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून 1904 साली मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं काम इथे हलवायला घेतलं. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, म्हणून बांधकामाला पोरबंदरी दगड वापरला आणि लोखंड टाळलं. वेध घेणाऱ्याने चाव्या, पट्टा, मोबाइल बाहेरच ठेवायचा. खिशातल्या किल्लीनेही मापन बिघडतं.

मी रेंगाळलो तो चुंबकीय वादळाच्या, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणाऱ्या उलथापालथीच्या, आलेखापाशी. आलेखातली रेषा दाखवते ते इथलं आडवं क्षेत्र, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जमिनीला समांतर भाग, साधारण 38,000 नॅनोटेस्ला (हे क्षेत्र मोजायचं एकक). सूर्यावरून सुटलेला प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूचा, लोट बहुधा एक ते तीन दिवसांत पोचतो, चुंबकावरण (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं कवच) दाबलं जातं आणि रेषा काही मिनिटांत काही दशक नॅनोटेस्लांनी वर उडते. नवख्याला हेच वादळ वाटतं, पण पुढचं सगळं ठरतं सौर वाऱ्यातल्या, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या या कणांसोबतच्या, चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर. ते उत्तरेकडे राहिलं तर वेगवान लोटसुद्धा फुसका जातो. दक्षिणेकडे वळून तसंच टिकलं, तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं, ऊर्जा आत घुसते आणि विषुववृत्ताभोवती पश्चिमेकडे वाहणारा वलयप्रवाह, म्हणजे अवकाशातला कड्यासारखा विद्युतप्रवाह, बळावतो. त्याचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट, त्यामुळे रेषा काही तास घसरत जाते. ही दिशा खात्रीने कळते ती पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला 15 लाख किलोमीटरवरच्या यानांकडून, म्हणजे लोट यायच्या तासभर आधी. लोट वेगवान असला तर त्याहूनही कमी वेळ हातात.

सावरायला मात्र दिवस लागतात. वलयातले आयन (विद्युतभारित अणू) वरच्या विरळ हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन घेतात, उदासीन होऊन निसटतात. रेषा आधी भराभर चढते, मग रेंगाळते. मधेच दिशा पुन्हा दक्षिणेकडे वळली तर दुसरी घसरण. आलेख वाचताना शांत दिवसाचा रोजचा चढउतार आधी वजा करायचा. दुपारचा नेहमीचा फुगवटा तसाच ठेवला तर खड्डा उथळ दिसतो.

2 सप्टेंबर 1859 ला कुलाब्यात क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळलं आणि विलक्षण वेगाने सावरलं. एवढी घाई एकट्या वलयप्रवाहाला जमेल का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. एका ठिकाणच्या नोंदीत आयनावरणातले (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले) स्थानिक प्रवाहही मिसळतात. म्हणूनच वादळाची तीव्रता सांगणारा डीएसटी निर्देशांक हर्मानस, काकिओका, होनोलुलू आणि सान हुआन अशा चार दूरदूरच्या वेधशाळांवरून काढतात.