तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्डफील्डच्या हॉटेलात भूत दिसलं का?

अमेरिकेत नेवाडातल्या गोल्डफील्डला जाऊन आलो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "त्या जुन्या हॉटेलात भूत दिसलं का हो?" नाही दिसलं. दाराला कुलूप होतं. हातांचा आडोसा करून काचेला कपाळ टेकवलं, तर काचेवर माझ्याच श्वासाची वाफ धरली. भुताची गोष्ट मलाही ठाऊक आहे, कुणा श्रीमंताने कोंडून घातलेल्या बाईची. त्या गोष्टीला आधार काहीच नाही. पण या एका बाईपायी अख्ख्या गावाची गोष्ट कुणी विचारत नाही.

लास व्हेगासहून रीनोकडे जाताना 95 नंबरच्या हायवेवर हे गाव लागतं. कितीतरी वेळ नुसता ओसाड माळ, आणि मग अचानक ही चार मजली दगडविटांची इमारत. 1902 च्या डिसेंबरात हॅरी स्टिमलर आणि विल्यम मार्श यांना इथे सोनं लागलं. सगळ्या खाणवस्त्यांचा हा आजोबा ठरणार म्हणून त्यांनी जागेला नाव दिलं 'ग्रँडपा'. हा आजोबा पोरवयातच म्हातारा झाला, ती गोष्ट पुढची. 1905 मध्ये रेल्वे आली. 1906 मध्ये जो गान्स आणि बॅटलिंग नेल्सन यांची मुष्टियुद्धाची लढत इथे 42 फेऱ्या चालली. लोकसंख्या तेव्हा वीस हजारांच्या घरात होती म्हणतात.

मला रस आहे तो डब्यांमध्ये. खाण कामगारांच्या जेवणाच्या डब्यांमध्ये. इथलं खनिज काही ठिकाणी इतकं कसदार होतं की खिशातून नेलेल्या दोन-चार ढेकळांपुढे दिवसाची मजुरी काहीच नव्हती. मग डबे जाताना हलके आणि येताना जड. बुटांत, शर्टाच्या आत शिवलेल्या चोरखिशांत सोनं बाहेर जायचं, आणि ते घेणारेही गावातच दुकान थाटून बसलेले. मालकांनी कपडे बदलायच्या खोल्या आणल्या: पाळी संपली की अंगावरचे कपडे उतरवायचे आणि दुसरे घालून घरी जायचं. कामगार भडकले. त्यातच 1907 मध्ये न्यूयॉर्कच्या बँका गडगडल्या, रोकड आटली आणि पगाराच्या जागी हातावर चिठ्ठ्या पडू लागल्या. संप झाला. गव्हर्नरने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे सैन्य मागितलं. सैन्य आलं, आणि इथे सैन्याची गरजच नव्हती असा चौकशीचा निष्कर्ष निघाला!

हे सगळं चालू असताना हॉटेलचं बांधकामही चालूच होतं. तीन लाखांहून जास्त डॉलर ओतून 1908 मध्ये ते उघडलं. महोगनीची लॉबी, लिफ्ट, खोल्यांमध्ये टेलिफोन. थाट होता, फक्त पाहुणे निघायच्या बेतात होते. 1910 च्या शिरगणतीत गावात पाच हजार माणसंही भरली नाहीत, 1920 ला उरली दीड हजार. 1913 मध्ये पूर आला, 1923 च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, हॉटेल मात्र वाचलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची माणसं राहिली. ती गेली आणि नोंदवही मिटली.

गाव मात्र मेलेलं नाही. 1908 च्या सुमाराचं कोर्ट आजही चालू आहे. हजाराहूनही कमी माणसांच्या जिल्ह्याचा कारभार तिथूनच हाकला जातो.

भुताटकीच हवी असेल तर हॉटेल सोडा, गावाबाहेरच्या स्मशानात जा. तिथे एका थडग्यावर नाव नाही. लिहिलंय एवढंच: अनोळखी माणूस, पुस्तकं चिकटवायची खळ खाऊन मेला, 14 जुलै 1908. जिथे लोक डब्यातून सोनं नेत होते, त्याच गावात, हॉटेल उघडलं त्याच वर्षी. मी त्या थडग्यापाशी बराच वेळ उभा होतो. त्याच्याबद्दल मात्र मला अजून कुणी विचारलेलं नाही.